पडदा काढल्यावर

मला एकच गोष्ट हवी होती. लेईकाकाने पडद्यामागे बसून एक अख्खं नाटक गायचं, आणि त्याच्या आवाजावर माझे हात चालायचे. एकदाच. यात मागण्यासारखं फार काही आहे असं कुणाला वाटणार नाही. हुआ पर्वताच्या पायथ्याला आमच्या गावात बाळ महिन्याचं झालं की सावल्यांच्या खेळाचा पडदा लागायचा, नवं घर बांधलं की लागायचा, म्हातारं माणूस गेलं की लागायचा. पाच बाप्ये, एक पांढरं कापड, एक दिवा आणि पेटीभर चामड्याच्या बाहुल्या. लेईकाका गोल पोटाची वीणा छेडत सगळ्यांचे आवाज काढायचा, राजाचे, राणीचे, वेळ पडली तर घोड्याचेसुद्धा. आणि माझा बा, दांग, कापडाला नाक लावून बसायचा आणि दोन हातांनी सैन्यंच्या सैन्यं लढवायचा. दोघं पाठीला पाठ लावून. बाला गाणाऱ्याचं तोंड दिसायचं नाही, गाणाऱ्याला पडदा दिसायचा नाही. तरी आवाजाने तलवार उपसली की पडद्यावरची तलवार उपसलेलीच असायची.

मी मुलगी. मला पडद्यामागे जायला बंदी. बाईचा हात लागला की बाहुल्या बुजतात, म्हणे. जी गाय हयातभर बाईच्या हातचा चारा खाऊन जगली, तिच्या कातड्याची बाहुली मेल्यावर बाईलाच बुजते! हे बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर थोबाडीत बसली असती.

म्हणून मी पुढे बसून शिकले. बाकीची पोरं सूर्यफुलाच्या बिया फोडायची, मी बाहुल्यांचे सांधे बघायची. घरी येऊन चादर टांगायची आणि मक्याच्या पानांचे सरदार करून नाचवायची. आवाज माझ्या डोक्यात असायचा. लेईकाकाचाच.

मग शहरातून एक दिग्दर्शक आला. नाटक ऐन रंगात असताना तो लघवीला उठला आणि परत येताना वाट चुकून पडद्याच्या मागे गेला. बघतो तर पाच माणसं घामाने निथळताहेत, पाय आपटताहेत, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडताहेत, आणि एक जण सैन्य आल्याचा आवाज काढायला लाकडी बाकावर ठोकळा हाणतोय. दिग्दर्शक तिथूनच ओरडला, "अरे, खरं नाटक तर इकडे आहे! काढा ते कापड!"

काढलं.

खोटं बोलणार नाही. मोठ्या रंगमंचावर, लाल उजेडात, मागे गिटारवाली पोरं आणि पुढे लेईकाका पाय आपटत ओरडतोय, बाकावर ठोकळा आदळतोय, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. शीआन झालं, बीजिंग झालं, परदेश झाला. लेईकाकाला लिफ्टवाल्या इमारतीत घर मिळालं. ज्या कलेला गावात कुणी विचारत नव्हतं तिच्यावर टीव्हीत चर्चा झाल्या. परंपरेला नव्याची जोड, असं म्हणत माणसं एकमेकांची पाठ थोपटत होती.

फक्त एक अडचण होती. वीणा दिसते, बाक दिसतो, गळा दिसतो. पण पडदाच नाही म्हटल्यावर बाहुल्यावाल्याचं करायचं काय?

त्यांनी बाच्या हातात चिलीम दिली. देवाशपथ सांगते. "आजोबा, तुम्ही या कोपऱ्यात उकिडवे बसा आणि नुसता धूर सोडा. वातावरण तयार होतं." अख्ख्या खोऱ्यात ज्याच्यासारखे हात नव्हते तो माणूस कितीतरी वर्षं रंगमंचाच्या कोपऱ्यात वातावरण तयार करत बसला. मी पहिल्या रांगेतून बघितलंय, लेईकाकाने तान ओढली की बाची बोटं गुडघ्यावर चालायला लागायची. घोडा, लगाम, उडी. कुणाला कळायचं नाही. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याचे हात थरथरताहेत.

आणि याच नव्या जमान्यात बायकांना आत घेतलं. आता बाई चालते! लाल जाकीट घालून बाकावर ठोकळा हाणायला बाई चालते, फोटोत उठून दिसते. मीही एक हिवाळा हाणला. अख्खं लहानपण ज्या दाराबाहेर उभी राहिले ते दार उघडलं, आणि आत गेले तर घरच नाही. मागची बाजू कुठे आहे? ज्याच्या मागे बसायचं ते कापड कुठे आहे?

त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी मी बापुढे चादर टांगली. मागे बसून त्याला खिंडीची लढाई करून दाखवली. बा पुढे बसला. मध्येच त्याला हसू फुटलं ते आवरेना.

"तुझा सरदार उलटा आहे, रुइचिन! अख्खं सैन्य उलटं! शत्रूच्या दारातून येतो आणि आपल्याच दारात जाऊन भांडतो!"

मी आयुष्यभर पुढून बघितलं होतं ना. आरशात बघून केस कापावेत तसं झालं होतं. डावं ते उजवं, येणं ते जाणं. हातात सगळं बसलेलं होतं आणि सगळं उलटं.

बाने डोळे पुसले आणि कापडामागे माझ्या शेजारी येऊन बसला. "सरक तिकडे," म्हणाला. बाईचा हात वगैरे काही बोलला नाही. दोन हिवाळे लागले सगळं फिरवायला. खिंडीचं अख्खं नाटक त्याने मला दिलं, पहिल्या बर्फापासून शेवटच्या दृश्यापर्यंत. फक्त बा बेसूर होता. गाणं तो नुसतं पुटपुटायचा. "इथे लेई लांब सूर घेतो, तेवढा वेळ घोडा मान हलवतो. किती वेळ? ते तुला लेई सांगेल."

लेईने सांगायच्या आधी बा गेला.

आमच्याकडे माणूस जाऊन तीन वर्षं झाली की शोक संपतो. दारावरचे पांढरे कागद काढून लाल लावतात, जेवण घालतात, खेळ ठेवतात. बाची तीन वर्षं भरत आली तशी मी शीआनची बस धरली.

लेईकाका तालमीच्या दालनात खुर्चीवर बसला होता. एक पोरगी ब्रशने त्याच्या कपाळावर सुरकुत्या काढत होती. सत्तरी उलटलेल्या माणसाला म्हातारा दिसण्यासाठी रंग लावत होते.

"कोण, रुइचिन? ये पोरी, ये. आई गेली की काय?"

"आहे. तुम्हाला शिव्या देते."

"मग ठणठणीत आहे." तो हसला, सुरकुती बिघडली, पोरगी वैतागली.

"काका, बाची तीन वर्षं भरताहेत. पडदा लावायचाय."

"लाव की. कुणाच्या परवानगीला थांबलीस?"

"तुम्ही गायचंय. खिंडीचं नाटक. अख्खं."

त्याने ब्रशवाल्या पोरीचा हात बाजूला केला. "हलवणार कोण?"

"मी."

त्याने माझा हात ओढून घेतला, उलटा करून पाहिला. बाहुल्यांच्या काड्या धरून धरून अंगठ्याच्या मुळाशी घट्टे पडतात. बाला होते. त्याने अंगठा फिरवून ते चाचपले.

"दांगने शिकवलं?"

"हो."

"हरामखोर! मला एका शब्दाने बोलला नाही." त्याचे डोळे भरले, तेही पोरीने टिपले, रंग ओघळू नये म्हणून. "शेजारी बसून चिलीम ओढायचा, पण बोलला नाही."

तेवढ्यात फान आला. फान म्हणजे कंपनीचा व्यवस्थापक. तिशीचा असेल, गोड बोलणारा, पायात पांढरेशुभ्र बूट.

"ताई, गुरुजींचा आमच्याशी करार आहे. बाहेर कार्यक्रम करता येत नाहीत."

"हा कार्यक्रम नाही. माझ्या बापाचं तिसरं वर्ष आहे."

"समजलो, समजलो. किती वेळाचं असतं हे?"

"तीन तास."

फान खरोखर घाबरला. "तीन तास? ताई, लोक तीन मिनिटं बघत नाहीत हो!"

"माझा बा बघेल. त्याला कुठे जायचं नाहीये."

लेईकाका खदखदून हसला. फानने जरा विचार केला. त्याच्या डोक्यात काय शिजतंय ते मला दिसत होतं. म्हणाला, "ठीक. पण आम्ही चित्रीकरण करू. 'गुरुजी मातीकडे परतले.' छान होईल. अगदी छान होईल."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ज्याला भूक लागलीय तो भांडं कुणाचं ते बघत नाही.

लेईकाका मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "पोरी, मला अख्खं आठवतं का, ते नाही विचारलंस."

"आठवत नाही?"

"वीस वर्षं लढाईच्या आरोळ्याच मारतोय. बाकीचं कुणी मागितलंच नाही." थोडं चालला. "येतो. पण मी अडखळलो तर तू थांबू नकोस. तुझा बा थांबायचा नाही."

बाच्या तिसऱ्या वर्षाच्या दिवशी दुपारपासूनच गाड्या यायला लागल्या. फानच्या माणसांनी आधीच सगळीकडे कळवून ठेवलं होतं की एवढा मोठा गायक गावात येतोय. आम्ही आप्तेष्टांसाठी टेबलं मांडली होती, पाहुणे फुलं-पक्षी काढलेले वाफेचे पाव घेऊन आले होते. आणि या लोकांना बाचं नावही माहीत नव्हतं. आई चुलीपाशी रुंद शेवयांवर मिरचीचं तेल ओतत होती आणि तिथूनच ओरडत होती, "या, या, बसा! कोण तुम्ही? असू दे, जेवा!"

पडदा अंगणात लावला, बाच्या तसबिरीसमोर. तसबिरीपुढे उदबत्त्या, मागे बाकं. खेळ त्याच्यासाठी. हिवाळ्याचे दिवस, लवकर अंधारलं. लेईकाका आला, जाकीट काढलं, जुन्या जागी मांडी घातली आणि माझ्याकडे पाठ केली. त्याची पाठ माझ्या पाठीला टेकली. बारीक झाला होता. मणके लागत होते.

त्याने वीणेवर बोट फिरवलं आणि सुरुवात केली. आरोळी नाही, हळू. बर्फ पडतंय, खिंडीत एक सरदार उभा आहे, धाकट्या भावाची कुमक यायचीय, तोवर वाट अडवून धरायचीय. एवढंच नाटक आहे. आवाज पाठीतून आत आला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाने सुद्धा नाही. मला वाटायचं बा कानाने ऐकतो. तो आवाज हाडातून येत होता; लेईकाकाने श्वास घेतला की माझ्या बरगड्या फुगत होत्या. घोड्याने मान किती वेळ हलवायची ते मला कळलं. माझ्या हातांना कळलं. मी रडत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

असा पाऊण तास असेल. आयुष्यात मला मिळालेला तेवढाच.

मग कापडापलीकडे कुजबुज वाढली. सुरुवातीला दोन-चार जण डोकावले. मग बाकं सरकल्याचे आवाज. लोक उठून मागे यायला लागले. त्यांचा लाडका माणूस मागे बसलाय, मग कापड कशाला बघायचं? ते गोल करून उभे राहिले. पुढची बाकं रिकामी झाली. मोबाइल वर आले, त्यांचे दिवे लागले. आणि मागून उजेड पडल्यावर कापडावर काय झालं असेल? माझा सरदार फिका पडला. बर्फ गेलं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यांच्या, कोपरांच्या, मोबाइल धरलेल्या हातांच्या ढोबळ सावल्या पडद्यावर पडल्या आणि त्यात सरदार कुठे आहे ते मलाच दिसेना.

"दिवे बंद करा!" मी ओरडले.

"ताई, जरा डावीकडे सरकता का?" एक बाई म्हणाली. "तुम्ही मध्ये येताय."

मी मध्ये येतेय!

कुणीतरी ओरडलं, "बाक! बाक!" मग सगळेच. "बाक वाजवा! आरोळी!" फान कॅमेऱ्यामागून हातवारे करत होता.

लेईकाका गात होता. मग त्याचा आवाज एका ओळीवर अडला. ती ओळ पुन्हा गायला. पुन्हा अडला. त्याची पाठ ताठ झाली. मी थांबले नाही, सरदाराला फेऱ्या मारायला लावल्या, बर्फ झटकायला लावलं. काढ, काका, काढ. वेळ घे. मी आहे.

पाठ सुटली. गार वारा लागला तिथे. लेईकाका उठला होता. त्याने बाक वाजवायला बसलेल्या पोराच्या हातातून ठोकळा हिसकावला आणि बाकावर असा हाणला की पेटीतल्या बाहुल्या उडाल्या. आणि ती आरोळी! लोक वेड्यासारखे ओरडले. मला राग आला होता, इतका की पडदा फाडावासा वाटत होता. पण हात माझे नव्हते, ते आवाजाचे होते. आवाज लढाईत शिरला तसे हातही शिरले. मी शत्रूचं सैन्य आणलं, घोडे एकमेकांवर घातले, भाले मोडले. बाकाचा प्रत्येक ठोका आणि प्रत्येक मुंडकं एकाच क्षणी पडलं. असं बालाही कधी जमलं नसेल. जुनं, नवं, काय म्हणायचं ते म्हणा, असं या खोऱ्यात कधी झालं नव्हतं, हे मी छाती ठोकून सांगते.

शेवटचा ठोका. टाळ्या. शिट्ट्या. लोक त्याच्या अंगावर पडले.

नाटक तिथे संपत नाही. लढाईनंतर धाकटा भाऊ येतो. उशिरा. खिंडीत बर्फ पडत असतं, मोठा भाऊ उभ्याउभ्या गोठलेला असतो, आणि धाकटा त्याला हाक मारत एकेक पाऊल पुढे येतो. अगदी हळू, अगदी खालच्या आवाजात. बा म्हणायचा, बाकी सगळं नाटक या दृश्याची वाट बघण्यासाठी आहे. मी डाव्या हातात सरदार उभा धरून ठेवला होता. उजव्या हातात धाकट्याच्या काड्या तयार. बराच वेळ. वीणा जमिनीवर पडली होती.

गाडीत बसताना लेईकाकाने काच खाली केली. रंग नसताना त्याच्या खऱ्या सुरकुत्या कमीच होत्या.

"पुढून कसं दिसलं?" त्याने विचारलं. "लढाईच्या वेळी? मला जाणवलं तू काहीतरी भन्नाट करत होतीस."

सांगायला कुणी आहे का म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. लढाईच्या वेळी पुढे कुणीच नव्हतं. बाची तसबीर सोडून कुणीच नव्हतं. आईसुद्धा शेवयांत.

"काका, राहिलेलं कधी गायचं?"

तो काचेच्या कडेवर बोट फिरवत राहिला.

"शेवटचं मला आठवलंच नाही, पोरी. नुसतं शेवटचं नाही, अर्ध्यावरच सगळं पुसलं गेलं. त्यांनी बाक मागितला म्हणून वाचलो. नाहीतर तुझ्या बापापुढे मुका बसलो असतो."

फानने गाडी सुरू करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी माझ्या भाचीने मोबाइल आणून दिला. लाखो लोकांनी पाहिलं होतं. लेईकाकाचा घाम, ठोकळा, शिरा. मध्ये एक जाडी बाई पाठमोरी, ती मी. तिच्यापलीकडे चुन्यासारखं पांढरं कापड. मी एकेक चित्रफीत उघडून पाहिली. जेवण टाकून पाहिली. कुणी एकाने तरी पुढून काढलं असेल. एखाद्या पोराने, चुकून. नव्हतं. लाखो लोकांनी आमची लढाई पाहिली आणि एकानेही पाहिली नाही. खाली लोकांनी लिहिलं होतं, किती जिवंत कला, किती अस्सल.

अस्सल!

संध्याकाळी पडदा उतरवायला गेले आणि उतरवला नाही. दिवा लावला. मला ते दृश्य बघायचं होतं. गाणं गेलं तर गेलं, पण धाकटा कसा येतो ते मला पुढून एकदा बघायचं होतं, आणि मागे बसून ते दिसत नाही.

"आई, इकडे ये."

"भांडी पडलीत."

"पडू दे. इथे बस. ही काडी अशी धर. ही अशी."

"मी? त्या पेटीला मी कधी..." तिने हात घट्ट अंगाशी ओढून धरले, मग आपल्या सुती कोटाला पुसले. "बुजतील ना."

"बुजू दे."

मी पुढे गेले, बाच्या तसबिरीशेजारी बाकावर बसले. कापडावर सरदार उभा राहिला, तिरका. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाला धाकटा आला. आईचा हात थरथरत होता, त्यामुळे तो थंडीने कुडकुडत येतोय असं दिसत होतं. एक पाऊल. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग अजून एक.

"रुइचिन," कापडाच्या मागून आईचा आवाज आला.

"काय?"

"इथून तर काहीच दिसत नाही गं. कापड आणि डोळ्यावर दिवा. जन्मभर तुझा बा हेच बघत बसला?"

"हो."

मग म्हणाली, "मला वाटायचं तिकडे काहीतरी आहे. रात्र-रात्र तिकडेच असायचा. मला इतका राग यायचा."

धाकटा हवेत लोंबकळत होता, पाय जमिनीला टेकले नव्हते.

"आई, हात खाली घे जरा. चालू दे त्याला. अजून लांब आहे तो."